यंत्राला जाग कशी येते?

मोटारीचे इंजिन एकदा सुरू झाले की ते आपले आपण चालत राहते. परंतु थांबलेले इंजिन आपले आपण सुरू होऊ शकत नाही. ही गोष्ट प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. ज्या इंजिनाच्या अंगी माणसांनी भरलेली गाडी घाट चढवून नेण्याचे बळ असते, त्याला स्वतःचा पहिला फेरा मात्र घेता येऊ नये, हे कसे?

याचे कारण इंजिनाच्या पोटात आहे. तेथे नळकांड्यासारखे सिलिंडर असतात व प्रत्येकात एक दट्ट्या खालीवर होत असतो. दट्ट्या खाली जाताना पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. तो वर येताना ते मिश्रण दाबले जाते. नेमक्या त्या वेळी विजेची ठिणगी पडते, मिश्रण भडकते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. म्हणजे बळ मिळण्यापूर्वी ओढण्याचे व दाबण्याचे अशी दोन कामे आधी करावी लागतात. चालत्या इंजिनात ही कामे मागच्या स्फोटाच्या बळावर होतात. थांबलेल्या इंजिनाला मागचा स्फोटच नसतो. विहिरीवरच्या पंपाने पाणी ओढावे म्हणून आधी त्यात चार बादल्या पाणी बाहेरून ओतावे लागते, तसाच हा प्रकार होय. पहिले दोन-चार फेरे कोणीतरी बाहेरून द्यावे लागतात.

मोटारीच्या बाल्यावस्थेत हे काम माणसाच्या हातांनी होत असे. गाडीच्या पुढच्या बाजूस असलेल्या भोकात लोखंडाचे वाकडे हँडल घालावयाचे आणि सारे बळ एकवटून ते फिरवावयाचे. आपल्याकडेही जुन्या मालमोटारींना असे हँडल मारताना थोरामोठ्यांनी पाहिलेले आहे. हे काम केवळ श्रमाचे नव्हते, तर धोक्याचेही होते. ठिणगी वेळेच्या थोडी आधी पडली तर दट्ट्या उलट दिशेने ढकलला जाई आणि हातातील हँडल एखाद्या लाथाळ घोड्यासारखे उलटे उसळे. अंगठा निखळे, मनगट मोडे, कोणाचा हात कोपरापासून खिळखिळा होई. म्हणून हँडल धरताना अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूस ठेवावा, अशी शिकवण जाणते चालक नवख्यांना देत. पावसात, थंडीत किंवा चढावर गाडी बंद पडली म्हणजे चालकाच्या पोटात गोळा उठे, यात नवल नाही. त्या काळी विजेवर चालणाऱ्या मोटारीही होत्या आणि अनेकांना त्याच पसंत पडत. त्या जड होत्या, फार दूर जात नसत. परंतु त्यांना हँडल मारावे लागत नसे.

अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांना हँडलमुळे होणारे हे अपघात सलू लागले. हँडलावाचून सुरू होणारी गाडी त्यांना हवी होती. हे काम त्यांनी ओहायो राज्यातील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग या अभियंत्याकडे सोपवले. विजेच्या मोटरने इंजिन फिरवावे, ही कल्पना काही नवी नव्हती. परंतु जाणकार म्हणत, की इंजिन फिरवू शकेल एवढी मोटर जवळजवळ इंजिनाएवढीच मोठी होईल, आणि तिला पुरेल एवढी बॅटरी गाडीत मावणार नाही. कागदावरचे हे गणित चुकीचे नव्हते.

केटरिंग यांनी पूर्वी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रांसाठी एक छोटी मोटर तयार केली होती. गल्ल्याचा खण उघडण्याचे काम क्षणभराचे असते. नंतर मोटर बराच वेळ विसावा घेते. तेव्हा तिच्यावर त्या क्षणापुरता तिच्या शक्तीबाहेरचा भार टाकला तरी ती तापून जळत नाही. इंजिन सुरू करण्याचे कामही असेच काही सेकंदांचे नाही का? दिवसभर ओझे वाहणारा हमाल आणि एकदाच मोठा धोंडा उलथणारा मनुष्य यांची ताकद एकाच मापाने मोजावयाची नसते. हा भेद केटरिंग यांना दिसला आणि प्रश्न सुटला. १९११ साली त्यांचे यंत्र तयार झाले व १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत ते बसवले गेले. विशेष हे, की इंजिन सुरू करून दिल्यावर तीच मोटर जनित्र बनत असे आणि खर्च झालेली वीज बॅटरीत पुन्हा भरत असे.

पुढे हँडल हळूहळू नाहीसे झाले. त्याबरोबर विजेच्या मोटारींचे एक मोठे आकर्षणही गेले आणि पेट्रोलच्या गाड्यांनी रस्ते व्यापले. एका लहानशा विजेच्या मोटरने विजेच्या मोटारींचाच पराभव केला, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

इंजिन सुरू करणे सोपे झाले. परंतु ते पुन्हा पुन्हा बंद करून सुरू करणे मात्र कोणाला परवडेना. सामान्य मोटर इंजिनाला मिनिटाला सुमारे दोनशे फेरे देते. तेवढ्या संथ गतीत इंजिन धडधडते, अंग झाडते आणि पेट्रोलही जादा पिते. म्हणून चौकात लाल दिवा लागला तरी लोक इंजिन चालूच ठेवतात. गाडी जागची हालत नसते आणि पेट्रोल मात्र जळत असते. गर्दीच्या शहरात असे किती इंधन वाया जात असेल, याची कल्पना कोणत्याही मोठ्या चौकात पाच मिनिटे उभे राहिल्यास येते. दुसरा अपव्यय ब्रेकचा. गाडीला वेग देण्यासाठी जाळलेल्या पेट्रोलची शक्ती ब्रेक दाबताच उष्णता होऊन हवेत विरते.

पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर या दोघांना एकाच गाडीला जुंपले, तर हे दोन्ही अपव्यय टाळता येतील. अशा गाडीस हायब्रीड, म्हणजे संकरित गाडी म्हणतात. संकरित बियाण्यात जसे दोन जातींचे गुण एकत्र आणलेले असतात, तसेच येथे. ही कल्पना फार जुनी आहे. फर्डिनंड पोर्शे या तरुण अभियंत्याने १९०० साली व्हिएन्ना येथील लोहनर यांच्या गाडीच्या कारखान्यात अशी एक गाडी बनवली होती. तिचे इंजिन चाके फिरवीत नसे, वीज निर्माण करीत असे. आणि चाकांच्या तुंब्यांत बसवलेल्या मोटरी त्या विजेवर फिरत. तिला त्यांनी ‘सेम्पर व्हिव्हस’ म्हणजे ‘सदैव जिवंत’ असे लॅटिन नाव दिले. परंतु ती जड व महाग होती. पेट्रोल स्वस्त होते. कल्पना बाजूस पडली आणि जवळजवळ शंभर वर्षे पडून राहिली.

१९९३ साली जपानमधील टोयोटा कंपनीने एकविसाव्या शतकासाठी नवी गाडी तयार करण्याचे मनावर घेतले. ताकेशी उचियामादा यांच्याकडे या कामाचे नेतृत्व आले. प्रथम अपेक्षा अशी होती, की नेहमीच्या गाडीपेक्षा ही गाडी तेवढ्याच पेट्रोलमध्ये दीडपट अंतर जावी. वरिष्ठांचे त्याने समाधान झाले नाही; त्यांनी दुप्पट अंतर मागितले. केवळ इंजिनात सुधारणा करून हे साधणे शक्य नव्हते. उचियामादा व त्यांचे सहकारी यांनी हायब्रीडच्या सुमारे ८० योजना तपासल्या आणि त्यांतून एक निवडली.

१९९५ च्या नोव्हेंबरात पहिली चाचणी-गाडी उभी राहिली. पण ती उभीच राहिली. ती सुरूच होईना. अभियंते रोज नवा दोष शोधीत, दुरुस्त करीत, आणि गाडी पुन्हा मौन धरून बसे. असे ४९ दिवस गेले. अखेर ती हलली तेव्हा अवघी पाचशे मीटर गेली आणि थांबली. बॅटरीची दुखणी तर त्याहून वाईट होती. ती तापत असे. कंपनीचे अध्यक्ष गाडी चालवून पाहू लागले, तेव्हा एक अभियंता शेजारी संगणक मांडीवर घेऊन बॅटरीचे तापमान पाहत बसे. न जाणो, ती पेटली तर! अशा स्थितीतून, १९९७ च्या डिसेंबरमध्ये, ‘प्रियस’ ही गाडी जपानमध्ये विक्रीस आली. मोठ्या संख्येने बनवलेली ती जगातील पहिली हायब्रीड मोटार होय. जपानी कसोटीनुसार ती एका लिटर पेट्रोलमध्ये २८ किलोमीटर जात असे.

या गाडीत नेहमीचा, इंजिन सुरू करणारा ‘स्टार्टर’ नाही. मग तिचे इंजिन सुरू कसे होते? तिच्यात विजेची दोन यंत्रे आहेत. दोन्ही मोटर म्हणूनही चालतात व जनित्र म्हणूनही चालतात. मोठे यंत्र चाकांना जोडलेले असते. लहान यंत्र, मोठे यंत्र आणि पेट्रोलचे इंजिन या तिघांची गाठ दंतचक्रांच्या एका सुंदर रचनेने घातलेली आहे. मधोमध एक चक्र असते, त्याला सूर्यचक्र म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चक्रे म्हणजे ग्रहचक्रे. आणि सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूस दाते असलेले कडे, ते बाह्यचक्र. लहान विद्युत्‌यंत्र सूर्याला, इंजिन ग्रहांना धरणाऱ्या चौकटीला आणि मोठे यंत्र व गाडीची चाके बाह्यचक्राला जोडलेली असतात. सूर्याला ३० दाते व बाह्यचक्राला ७८ दाते.

गाडी उभी असताना बाह्यचक्र स्थिर असते. अशा वेळी लहान यंत्राने सूर्यचक्र फिरवले की ग्रहचक्रे त्याच्याभोवती धावू लागतात आणि त्यांच्या चौकटीबरोबर इंजिनही फिरते. सूर्याचे ३० दाते, आणि सूर्य व बाह्यचक्र मिळून १०८ दाते. तेव्हा सूर्याने १०८ फेरे घेतले म्हणजे इंजिनाचे ३० फेरे होतात. लहान यंत्र मिनिटाला ३,६०० फेरे या गतीने फिरले तर इंजिन मिनिटाला १,००० फेरे या गतीने फिरते. हे त्रैराशिक वहीवर मांडून पाहण्याजोगे आहे.

हा आकडा महत्त्वाचा आहे. साध्या गाडीत इंजिन दोनशे फेऱ्यांवर कष्टाने जागे होते. येथे त्याला आधी सुमारे हजार फेऱ्यांपर्यंत विजेने नेले जाते, आणि मगच पेट्रोल व ठिणगी दिली जाते. म्हणून ते धडपडत नाही, झटका देत नाही. बसलेल्या माणसाला ते केव्हा सुरू झाले व केव्हा बंद झाले, हे पुष्कळदा कळतही नाही. मग चौकात थांबताच ते बंद करावयास काय हरकत? गाडी मोटरच्या बळावर निघते, आणि वेग किंवा भार वाढला की धावता धावताच इंजिनाला जाग आणली जाते. दिवसातून शंभर वेळा झोपावे व शंभर वेळा उठावे लागले तरी त्याची तक्रार नाही.

परंतु या सोयीची किंमत बॅटरीला मोजावी लागते. इंजिन बंद असताना गाडी चालवावयाची ती तिने, इंजिनाला उठवावयाचे ते तिने, आणि ब्रेक दाबल्यावर चाकांतून परत येणारी वीज साठवावयाची तीही तिनेच. पहिल्या प्रियसमध्ये हातातील मोठ्या विजेरीत घालतात त्या आकाराचे २४० घट एकापुढे एक जोडलेले होते. प्रत्येक घटाचा दाब १.२ व्होल्ट, म्हणजे सर्वांचा मिळून २८८ व्होल्ट. आपल्या घरातील विजेच्या २३० व्होल्टांपेक्षाही अधिक. म्हणूनच या गाड्यांतील जाड विजेच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. त्यांना हात लावू नये, ही सूचना तो रंगच देतो.

असा घट पूर्ण रिकामा केला तर झिजतो, आणि पूर्ण काठोकाठ भरत राहिले तरी तापतो व झिजतो. म्हणून गाडीतील संगणक बॅटरी सामान्यतः तिच्या भरण्याच्या ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच ठेवतो. त्यातही साठ टक्क्यांच्या आसपास ती असावी, असा त्याचा प्रयत्न असतो. व्यवहारी गृहिणी कणगी तळापर्यंत खरवडू देत नाही आणि ओसंडून सांडेपर्यंत भरतही नाही. मागे जागा राखावयाची ती उतारासाठी. शिल्लक राखावयाची ती चढासाठी. साठा कमी होऊ लागला की चालकाने न सांगता इंजिन सुरू होते व जनित्र फिरवून वीज भरते.

लांब घाट उतरताना मात्र संगणकाची परीक्षा होते. चाकांतून वीज येतच राहते आणि बॅटरीत जागा उरत नाही. अशा वेळी तो एक युक्ती करतो. पेट्रोल न देता, नुसत्या विजेने तो इंजिन फिरवतो. बंद इंजिन फिरवण्यास बळ लागते. त्यात जादा वीज खर्ची पडते व गाडीही आवरली जाते. वीज वाचवण्यासाठी जन्मलेल्या गाडीने वीज मुद्दाम उधळावी, हे पाहून हसू येते. परंतु बॅटरी जपावयाची तर त्याला इलाज नाही.

वेगाचेही एक बंधन आहे. इंजिन थांबलेले आणि चाके वेगाने फिरणारी, अशा स्थितीत सूर्यचक्राला उलट दिशेने बाह्यचक्राच्या २.६ पट वेगाने पळावे लागते. कारण ७८ भागिले ३० म्हणजे २.६. गाडीचा वेग वाढत गेला तर लहान यंत्राची गती धोक्याची होईल. म्हणून २००३ साली निघालेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या पुढे इंजिन फिरतेच ठेवले जाई. मग त्याला पेट्रोल मिळो अथवा न मिळो. उन्हाळ्यातील उष्मा हाही बॅटरीचा शत्रू. याच गाडीत मागच्या बाकाशेजारी एक जाळी होती. तिच्यातून गाडीतील थंड हवा पंख्याने बॅटरीकडे जाई. त्या जाळीवर पिशवी किंवा उशी ठेवली, तर बिचारीचा श्वासच कोंडे.

शांतपणाचेही काही तोटे आहेत. इंजिनाचा आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असे समजून मनुष्य उतरून निघून जातो. काही वेळाने बॅटरी उतरते आणि इंजिन आपोआप सुरू होते. गाडी बंद खोलीत असेल, तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू प्राणघातक ठरू शकतो. म्हणून उतरताना फलकावरील ‘तयार’ असा दिवा विझला आहे ना, हे पाहिले पाहिजे. अंध माणसांना तर अशी गाडी जवळ आलेली कळतच नाही. त्यांच्या संघटनेने हा प्रश्न धसास लावला आणि २०११ च्या जानेवारीत अमेरिकेत, अशा गाड्यांनी कमी वेगात ऐकू येईल असा आवाज केला पाहिजे, यासाठी कायदा झाला.

आता एक कोडे. मोठी बॅटरी भरलेली आहे, टाकीत पेट्रोल आहे, सर्व यंत्रे धडधाकट आहेत. तरीही प्रियस सुरू होत नाही, असे कधी घडते का? होय, घडते. या गाडीत साध्या गाडीसारखीच १२ व्होल्टची एक लहान बॅटरीही असते. इंजिन फिरवण्याशी तिचा काही संबंध नाही. परंतु गाडी बंद असताना मोठी बॅटरी सुरक्षिततेसाठी सर्व यंत्रणेपासून तोडलेली असते. तिला जोडणारी कळ दाबण्याचे काम संगणकाचे. आणि संगणक जागा होतो तो लहान बॅटरीच्या विजेवर. किल्लेदाराजवळ दारूगोळा भरपूर आहे, पण कोठाराची किल्ली ज्या पहारेकऱ्याच्या कनवटीला आहे तोच झोपला, अशी ती अवस्था!

गाडी ‘तयार’ असते तेव्हा मोठी बॅटरीच लहानीला वीज पुरवते. गाडी कित्येक आठवडे उभी राहिली, तर हा पुरवठा थांबतो आणि लहान बॅटरी हळूहळू रिकामी होते. २०२० साली टाळेबंदीत घरोघरी गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा लहान बॅटरी उतरल्याचा अनुभव सर्वच प्रकारच्या गाड्यांच्या धन्यांना आला. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तर आणखी गंमत होती. लहान बॅटरी मागच्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याचे दार विजेने उघडणारे. वीज नाही म्हणून दार उघडत नाही. दार उघडत नाही म्हणून बॅटरीपर्यंत पोहोचता येत नाही. अर्थात अभियंत्यांनी याचा विचार आधीच केला होता. पुढच्या झाकणाखाली, इंजिनाशेजारी, लाल टोपण घातलेले एक टोक त्यांनी मुद्दाम ठेवले होते. तेथे दुसऱ्या गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची तार जोडता येते.

साध्या गाडीला अशी मदत द्यावयाची तर शेकडो अँपियरचा प्रवाह लागतो, कारण त्या विजेने इंजिन फिरवावयाचे असते. येथे मागणी अगदी थोडी. तार जोडली, बटण दाबले, की संगणक जागा होतो. मागे कोठेतरी कळ जोडली गेल्याचा खट्‌ असा आवाज येतो. आणि फलकावर ‘तयार’चा दिवा लागतो. इंजिन त्या वेळी सुरू होईलच असे नाही. बॅटरीत पुरेशी वीज असेल आणि ते आधीच ऊबदार असेल, तर ते झोपलेलेच राहते व गाडी निमूटपणे रस्त्याला लागते.